रिमोटमधला क्रिस्टल कोणी बदलावा?

जुन्या धाटणीच्या रेडिओ कंट्रोल सेटमध्ये ट्रान्समीटरच्या मागच्या अंगाला एक लहानशी खाच असते. तिच्यात दोन पायांची, नखाएवढी पत्र्याची डबी बसवलेली असते आणि तिच्यावर २७.१४५ किंवा ७२.५५० असा आकडा छापलेला असतो. ही डबी म्हणजे क्रिस्टल. चिमटीत धरून ओढली की ती निघते, दुसरी दाबली की बसते. बऱ्याच सेटमध्ये पेचकससुद्धा लागत नाही. हाताला इतकी सोपी असलेली ही वस्तू हौशी माणसाने स्वतः बदलावी की नाही, यावर मात्र विमाने, बोटी आणि गाड्यांची मॉडेल चालवणाऱ्यांत जगभर वाद होत आला आहे. सेट माझा, तेव्हा त्यातला क्रिस्टलही माझा, असे एक पक्ष म्हणतो. ट्रान्समीटर ही परवान्याची वस्तू आहे, तिला तंत्रज्ञाशिवाय कोणी हात लावू नये, असे दुसरा म्हणतो. माझ्या मते दोघेही रेघ भलत्या जागी ओढतात. पेटीला हात कोणाचा लागला याला फारसे महत्त्व नाही. बदलानंतर अँटेनातून कोणती फ्रिक्वेन्सी बाहेर पडते आहे हे कोणाला तरी खात्रीने ठाऊक आहे का, यावर सगळे अवलंबून आहे. उत्पादकाने ती खात्री आधीच करून ठेवली असेल तर हौशी माणसाने क्रिस्टल खुशाल बदलावा. ती खात्री कोणाचीच नसेल, तर बदलणारा माणूस कितीही कुशल असला तरी त्याने तो सेट चालू करू नये.

हे पटायला क्रिस्टल काय करतो ते आधी पाहावे लागते. डबीच्या आत क्वार्ट्झची पातळ चकती असते. क्वार्ट्झ म्हणजे आपल्या डोंगरात सापडते ती गारगोटी. दख्खनच्या काळ्या कातळातल्या पोकळ्यांत वाढलेले तिचे आणि तिच्या सोबत्यांचे स्फटिक नाशिकजवळ सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात पाहायला मिळतात. रेडिओसाठी मात्र कारखान्यात वाढवलेले, आत भेग किंवा मळ नसलेले क्वार्ट्झ वापरतात. या खनिजावर दाब दिला की त्यावर विद्युतभार येतो आणि विद्युतदाब दिला की ते किंचित आकुंचन-प्रसरण पावते. हा गुण झाक आणि पिएर क्युरी या भावांनी १८८०च्या सुमारास उलगडला, आणि रेडिओची फ्रिक्वेन्सी स्थिर ठेवण्यासाठी त्याचा उपयोग १९२०च्या दशकात सुरू झाला. चकती जितकी पातळ तितकी तिची फ्रिक्वेन्सी जास्त. नेहमीच्या पद्धतीने कापलेली चकती २७ मेगाहर्ट्झला सरळ कंप पावायची तर तिची जाडी सुमारे ०.०६ मिलिमीटर ठेवावी लागेल, म्हणजे हाताळतानाच ती फुटण्याची भीती. म्हणून साधारण ०.१८ मिलिमीटरची, मुळात ९ मेगाहर्ट्झची चकती घेतात आणि तिला तिप्पट फ्रिक्वेन्सीवर कंप पावायला लावतात. ते काम एकटी चकती करू शकत नाही. तिच्याभोवतीची कॉइल आणि कपॅसिटर त्याच फ्रिक्वेन्सीला जुळवलेले असावे लागतात. थोडक्यात, डबीवरचा आकडा हा एका विशिष्ट सर्किटात बसवल्यावर मिळणारा आकडा असतो. सर्किट बदलले की तो आकडा खरा राहीलच असे नाही. पुढचा सगळा युक्तिवाद या एका गोष्टीवर उभा आहे.

रिसीव्हरलाही स्वतःचा क्रिस्टल असतो, आणि तो ट्रान्समीटरच्या क्रिस्टलसारखाच दिसतो. साध्या रिसीव्हरमध्ये तो ट्रान्समीटरपेक्षा ४५५ किलोहर्ट्झ खालच्या फ्रिक्वेन्सीचा असतो. दोहोंतल्या फरकातून निघणारा ४५५ किलोहर्ट्झचा संकेत पुढचे सर्किट गाळून घेते. म्हणून क्रिस्टल जोडीने विकतात आणि जोडीने बदलतात. डबीवर ट्रान्समीटरसाठी टीएक्स आणि रिसीव्हरसाठी आरएक्स अशी खूण असते, पण आकडा दोन्हींवर चॅनलचाच छापलेला असतो. जुन्या डबीवरची शाई पुसट झाली की दोन्ही सारख्याच वाटतात.

आता क्रिस्टल बदलायची गरजच का पडते? एकाच मैदानावर दोघांचे चॅनल एक आले तर त्यांतल्या एकाला थांबावे लागते. २७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात मॉडेलसाठी सहा ठरलेले चॅनल आहेत: २६.९९५ तपकिरी, २७.०४५ लाल, २७.०९५ नारिंगी, २७.१४५ पिवळा, २७.१९५ हिरवा आणि २७.२५५ निळा. क्लबांमध्ये याच रंगांच्या फिती अँटेनाला बांधत, आणि मैदानावरच्या फळीवर प्रत्येक चॅनलचा कपडे वाळत घालायचा एकेक लाकडी चिमटा असे. चिमटा ज्याच्या हाती, त्यानेच सेट चालू करायचा. क्रिस्टल बदलता येणे ही या व्यवस्थेची गरज होती. त्यावाचून सहा जणांच्या क्लबात दोन पिवळे आले की एकाने दिवसभर बसून राहायचे. दुसरे कारण शहरी आहे. २६.९५७ ते २७.२८३ हा सगळा पट्टा आंतरराष्ट्रीय नियमांनुसार औद्योगिक, वैज्ञानिक आणि वैद्यकीय उपकरणांनाही खुला आहे, आणि त्याचा मध्य २७.१२० आहे. फिजिओथेरपीच्या दवाखान्यात स्नायूंना खोलवर शेक देणारे शॉर्टवेव्ह डायथर्मी यंत्र याच फ्रिक्वेन्सीवर चालते. पीव्हीसीचे तक्ते रेडिओ लहरींनी सांधणारी यंत्रेही इथेच चालतात. त्यांची ताकद शेकडो वॅटपासून किलोवॅटपर्यंत असते, तर मॉडेलच्या ट्रान्समीटरची सहसा एका वॅटहून कमी. नारिंगी आणि पिवळा हे दोन्ही चॅनल २७.१२०पासून फक्त २५ किलोहर्ट्झवर आहेत. नाशिकच्या सातपूर-अंबडसारख्या औद्योगिक वसाहतीच्या कडेला ज्याची गाडी मध्येच झटके देते, त्याला तपकिरी किंवा निळ्या चॅनलवर जाता आले पाहिजे. ही सोय त्याच्याकडून काढून घेतली तर तो त्याच चॅनलवर झटके खात राहील, आणि त्यात सुरक्षितता वाढत नाही.

भारतातला कायदा या बाबतीत बराच स्पष्ट आहे. १८८५च्या तार कायद्याने तार आणि पुढे रेडिओ यंत्रणा चालवणे हा सरकारचा विशेष अधिकार ठरवला, आणि १९३३च्या बिनतारी यंत्रांच्या कायद्याने असे यंत्र परवान्याशिवाय नुसते जवळ बाळगायलाही मनाई केली. २०२३चा दूरसंचार कायदा टप्प्याटप्प्याने त्यांची जागा घेतो आहे, पण मूळ तत्त्व तेच आहे: सूट दिलेली नसेल तर परवानगी लागते. आपल्याला लागणारी सूट २००५ मध्ये मिळाली. केंद्र सरकारने २६.९५७ ते २७.२८३ मेगाहर्ट्झमध्ये ५ वॅटपर्यंतच्या उपकरणांना परवान्यातून वगळले. वर दिलेले सहाही रंग या हद्दीत बसतात. मात्र ही सूट अटींसह आहे. या पट्ट्यातल्या माणसाने इतरांना अडथळा करायचा नाही, आणि आपल्याला अडथळा झाला तर संरक्षण मागायचे नाही. शिवाय ती यंत्रे मान्यताप्राप्त नमुन्याची असायला हवीत. ती मान्यता देण्याचे काम दूरसंचार खात्याचा वायरलेस प्लॅनिंग अँड कोऑर्डिनेशन विभाग करतो. अधिसूचनेत क्रिस्टल हा शब्द शोधण्यात अर्थ नाही. तिथे हद्द आहे, ताकद आहे आणि नमुना आहे. माझे वाचन असे की पिवळा काढून त्याच कंपनीचा हिरवा बसवणारा माणूस या तिन्ही मर्यादांच्या आतच राहतो. नमुन्याला मान्यता मिळाली तेव्हा ती खाच आणि तिच्यात बसणारे क्रिस्टल त्या नमुन्याचाच भाग होते. उलट ७२ किंवा ३५ मेगाहर्ट्झचा परदेशातून आणलेला सेट या २००५च्या सवलतीत येत नाही, मग त्याचा क्रिस्टल कोणीही बदललेला असो.

अमेरिकेने या प्रश्नाचा विचार सर्वांत बारकाईने केला, आणि तिथला अनुभव उपयोगी आहे. तिथे ७२ मेगाहर्ट्झ विमानांसाठी आणि ७५ मेगाहर्ट्झ जमिनीवरच्या व पाण्यातल्या मॉडेलांसाठी राखून ठेवले होते. विमानांना पन्नास चॅनल होते, दोन शेजाऱ्यांत अंतर फक्त २० किलोहर्ट्झ. या पट्ट्यातल्या ट्रान्समीटरची अंतर्गत दुरुस्ती किंवा जुळणी पात्रता-प्रमाणपत्र असलेल्या तंत्रज्ञाने किंवा त्याच्या देखरेखीखाली व्हावी असे तिथल्या एफसीसी या दूरसंचार नियामकाच्या नियमांत होते. त्यामुळे ट्रान्समीटरचा क्रिस्टल ग्राहकाने बदलू नये, रिसीव्हरचा बदलायला हरकत नाही, असे उत्पादक आपल्या पुस्तिकांत बजावत. २७ मेगाहर्ट्झच्या सेटला ती अट नव्हती. एकच देश, एकच छंद, क्रिस्टलही सारखाच. मग नियम दोन का? उत्तर साध्या गणितात आहे. २७ मेगाहर्ट्झला फ्रिक्वेन्सीत दशलक्षात ५० भागांची चूक चालत असे, म्हणजे सुमारे १,३५० हर्ट्झ, आणि शेजारचा चॅनल ५० किलोहर्ट्झ लांब. तेवढ्याच चुकीचा क्रिस्टल ७२ मेगाहर्ट्झला बसवला तर संकेत ३,६०० हर्ट्झ सरकतो. संकेताची स्वतःची रुंदी ८ किलोहर्ट्झ धरली तर त्याची कड मूळ जागेपासून साडेसात किलोहर्ट्झच्या पुढे जाते, आणि शेजारी २० किलोहर्ट्झवर त्याचीही तेवढीच रुंदी घेऊन उभा असतो. दोघांत ठेवलेली मोकळी जागा झपाट्याने कमी होते. म्हणून तिथे ७२ साठी मर्यादा दशलक्षात २० भाग इतकी कडक केली गेली. बंदी घालण्यामागे हौशी माणसाबद्दलचा अविश्वास नव्हता. जिथे चूक शेजाऱ्याला महागात पडते तिथे मोजणारा माणूस हवा, आणि जिथे पट्टा चूक सहन करतो तिथे तो नसला तरी चालते, असा तो विचार होता. आपल्याकडेही रेघ इथेच ओढायला हवी.

क्रिस्टल चुकीचा बसला तर काय होते हे आकड्यांत पाहिलेले बरे. समजा ७२.५५०चा सेट आहे आणि घाईत रिसीव्हरची डबी ट्रान्समीटरमध्ये बसली. सेट चालूच झाला नाही तर नशीब. चालू झाला तर संकेत ४५५ किलोहर्ट्झ खाली, म्हणजे ७२.०९५ला निघेल. ७२.०९० हा दुसऱ्या कोणाचा तरी अधिकृत चॅनल आहे. फळीवरचा चिमटा नियमाने उचलणाऱ्या त्या माणसाचे विमान हवेत असताना पाच किलोहर्ट्झवरून त्याच्या रिसीव्हरवर दुसरा आवाज आदळतो. त्याची काहीच चूक नाही, आणि ज्याची आहे त्याला कळतही नाही, कारण त्याचे स्वतःचे मॉडेल जमिनीवर गप्प उभे असते. २७ मेगाहर्ट्झमध्ये हीच अदलाबदल झाली तर पिवळ्याचा संकेत २६.६९०ला जातो आणि सवलतीच्या हद्दीतूनच बाहेर पडतो. इथे चूक चिमटीत मावणाऱ्या एका डबीची असते, पण तिने कायदाही मोडला जातो.

दुसऱ्या कंपनीचा क्रिस्टल बसवण्यात धोका जास्त फसवा असतो, कारण तिथे सगळे ठीक चालल्यासारखे वाटते. प्रत्येक क्रिस्टल एका ठरावीक कपॅसिटन्ससाठी घासून जुळवलेला असतो, कोणी २० पिकोफॅरडसाठी, कोणी ३० साठी. सर्किटाने वेगळा भार दिला की फ्रिक्वेन्सी सरकते. एफएम सेटमध्ये तर क्रिस्टलची फ्रिक्वेन्सी थोडी इकडेतिकडे ओढूनच संदेश पाठवला जातो. परका क्रिस्टल जास्त ओढला गेला की संकेत रुंद होतो, कमी ओढला गेला की रिसीव्हरला तो क्षीण वाटतो. तीनपट फ्रिक्वेन्सीसाठी बनवलेला क्रिस्टल त्यासाठी न जुळवलेल्या सर्किटात बसवला तर तो आपल्या मूळ, एकतृतीयांश फ्रिक्वेन्सीवरच कंप पावू लागण्याचीही शक्यता असते. रिसीव्हरमध्ये एकदा फ्रिक्वेन्सी उतरवणारे आणि दोनदा उतरवणारे असे दोन प्रकार असतात; दोन्हींचे क्रिस्टल डबीत सारखेच बसतात, पण एकमेकांच्या जागी चालत नाहीत. मैदानावर पन्नास पावलांवरून सर्व्हो (मॉडेलचे सुकाणू वळवणाऱ्या छोट्या मोटरी) हलले म्हणून सगळे बरोबर आहे असे समजणारा माणूस फसतो, कारण जवळून चुकीचा संकेतही रिसीव्हरपर्यंत पोहोचतो. फरक कळतो तो विमान तीनशे मीटरवर गेल्यानंतर. त्यात नाशिकच्या हवामानाची भर. डिसेंबरच्या पहाटे दहा अंशांखाली आणि एप्रिलच्या दुपारी चाळिशीवर पारा असतो. क्रिस्टल तापमानाबरोबर दशलक्षात दहा-वीस भाग सहज सरकतो. आधीच कडेला बसलेल्या परक्या क्रिस्टलला तेवढे पुरते.

एवढे मांडल्यावर रेघ कुठे पडते ते दिसते. सवलतीच्या पट्ट्यात, उत्पादकाने दिलेल्या खाचेत, त्याच उत्पादकाच्या त्याच सेटसाठी विकलेल्या क्रिस्टलांची जोडी बसवणे म्हणजे चॅनल निवडणे. ते वापरणाऱ्याचे काम आहे आणि त्यासाठी तंत्रज्ञाकडे धाडणे अनाठायी आहे. पाय सोल्डरने जोडलेला क्रिस्टल उपटणे, परका क्रिस्टल बसवून कॉइलचा गाभा फिरवणे, एका पट्ट्याचा सेट दुसऱ्यात नेणे, हे सारे नवा ट्रान्समीटर बनवण्यासारखे आहे. ते करणाऱ्याला बनवणाऱ्याची जबाबदारीही घ्यावी लागते, म्हणजे मोजमाप करावे लागते आणि मान्यतेचा प्रश्न पुन्हा उभा राहतो.

यावर पहिला आक्षेप ठरलेला: हे खेळणे आहे, अर्ध्या वॅटचा संकेत तो काय, एवढा गंभीर विचार कशाला? जमिनीवर धावणाऱ्या तळहाताएवढ्या गाडीपुरता हा आक्षेप बऱ्याच अंशी मान्य करायला हरकत नाही. विमानाची गोष्ट वेगळी. दोन किलोचे मॉडेल ताशी ८० किलोमीटर वेगाने येते तेव्हा त्यात सुमारे ४९० ज्यूल ऊर्जा असते. पन्नास किलोचे धान्याचे पोते एक मीटर उंचीवरून अंगावर पडावे, तेवढी. त्यातून पुढे फिरता पंखा असतो. जुन्या साध्या सेटमध्ये संकेत बिघडला तर इंजिन आपोआप बंद करण्याची सोय बहुधा नसते. सर्व्हो वाटेल तसे वळतात आणि विमान पूर्ण वेगात खाली येते. शिवाय संकेत किती दूर जातो याला इथे महत्त्व नाही. मैदानावर तुमचा ट्रान्समीटर जमिनीवर असतो आणि दुसऱ्याचे विमान कधी तुमच्या डोक्यावरून, त्याच्या मालकापासून पाचशे मीटर दूरून जाते. त्या क्षणी त्याच्या रिसीव्हरला तुमचाच अर्धा वॅट मोठा ऐकू येतो.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. उत्पादकाने खाच दिली आहे, बाजारात क्रिस्टल सुटे मिळतात, मग बदलायला संमती आहेच की. या म्हणण्यातला अर्धा भाग मी वर मान्य केलाच आहे. पण खाच ही त्या उत्पादकाच्या क्रिस्टलांपुरती संमती आहे. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या बुधवार पेठेत इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळणारा २७.१४५चा सुटा क्रिस्टल हा कुठल्या सर्किटासाठी, किती भारासाठी घासला आहे हे दुकानदारालाही माहीत नसते. तो दोषी नाही. त्याने भाग विकला आहे, रेडिओ विकलेला नाही. अमेरिकेतल्या ७२ मेगाहर्ट्झच्या सेटलाही खाच होतीच, तरी ग्राहकाला त्यात हात घालू नये असे सांगितलेच होते. हात पोहोचतो म्हणून अधिकारही पोहोचतो असे होत नाही.

तिसरा आक्षेप मला सर्वांत जवळचा वाटतो. उघडून पाहिल्याशिवाय, जुळवून पाहिल्याशिवाय मुलगा इलेक्ट्रॉनिक्स शिकणार कसा? सगळे सीलबंद करून ठेवले तर छंदातून शिक्षण निघून जाईल आणि फक्त खरेदी उरेल. हे खरे आहे, आणि आपल्या कायद्याने त्यासाठी एक दार कधीचेच उघडे ठेवले आहे. १९७८च्या हौशी रेडिओ सेवेच्या नियमांखाली बाराव्या वर्षापासून कोणीही परीक्षा देऊन हॅम परवाना मिळवू शकतो आणि मग स्वतः ट्रान्समीटर बांधू शकतो, बदलू शकतो, त्याला ठरवून दिलेल्या पट्ट्यांत वापरू शकतो. तिथे सरकार पेटी तपासत नाही, माणूस तपासते: त्याला ओहमचा नियम कळतो का, आपला संकेत पट्ट्याबाहेर जाऊ नये म्हणून काय करायचे हे ठाऊक आहे का. ज्याने ते दाखवले त्याच्या हाती सोल्डर गन सरकारच देते. म्हणजे कायद्याला उघडणाऱ्या हातांचे वावडे नाही, न मोजता उघडणाऱ्यांचे आहे.

आणि मोजणे आता अवघड राहिलेले नाही. पूर्वी फ्रिक्वेन्सी काउंटर ही प्रयोगशाळेतली वस्तू होती. आज संगणकाच्या यूएसबीला लावायचा आरटीएल-एसडीआर नावाचा छोटा रिसीव्हर काही हजार रुपयांत मिळतो. त्याच्या प्रचलित प्रकारात सुमारे २४ मेगाहर्ट्झपासून पुढचे सगळे दिसते. २७ही येते आणि ७२ही. ट्रान्समीटरची पेटी न उघडता, दोन-तीन मीटरवरून त्याचा संकेत पडद्यावर उभा दिसतो: मधोमध आहे का, किती रुंद आहे, शेजारी भलते शिंग फुटले आहे का. चांगल्या प्रकारच्या एसडीआरमध्ये तापमान सांभाळणारा क्रिस्टल असतो आणि त्याची चूक दशलक्षात एखादा भाग, म्हणजे २७ मेगाहर्ट्झला साधारण २७ हर्ट्झ. स्वस्तातल्या एसडीआरची चूक मात्र मोजायच्या क्रिस्टलएवढीच असू शकते, म्हणून तो आधी फ्रिक्वेन्सी पक्की माहीत असलेल्या एखाद्या संकेतावर ताडून घ्यावा लागतो. नाशिकमध्ये के. के. वाघ, संदीप, मेट भुजबळ नॉलेज सिटी यांसारखी अभियांत्रिकी महाविद्यालये आहेत, शासकीय तंत्रनिकेतन आहे. त्यांच्या प्रयोगशाळेने महिन्यातून एक शनिवार शहरातल्या हौशी मंडळींचे जुने सेट मोजून द्यायचे ठरवले, तर विद्यार्थ्यांना पाठ्यपुस्तकाबाहेरचा विषय मिळेल आणि परक्या क्रिस्टलचा प्रश्न अंदाजावरून आकड्यावर येईल. यासाठी नवा कायदा लागत नाही.

नाशिककरांनी हे मनावर घ्यायला आणखी एक कारण आहे. ओझरला हिंदुस्तान एरोनॉटिक्सचा विमान कारखाना आणि धावपट्टी, देवळालीला तोफखान्याचे प्रशिक्षण केंद्र, गांधीनगरला लष्करी हवाई दलाचे हेलिकॉप्टर प्रशिक्षण, नाशिकरोडला नोटांचा आणि मुद्रांकांचा छापखाना. हवेत उडणाऱ्या आणि रेडिओवर चालणाऱ्या कोणत्याही वस्तूकडे इथे संशयाने पाहिले जाणे स्वाभाविक आहे. २०२२ मध्ये लष्करी हद्दीवर ड्रोन दिसल्याच्या घटनांनंतर शहर पोलिसांनी ड्रोनमालकांना आपले ड्रोन पोलीस ठाण्यात जमा करायला सांगितले होते. २०२१च्या ड्रोन नियमांनी २५ किलोपर्यंतच्या, डोळ्यांच्या टप्प्यात आणि केवळ शिक्षण, संशोधन वा करमणुकीसाठी उडणाऱ्या मॉडेलांना नमुना-प्रमाणपत्रातून सूट दिली आहे. पण ती सूट उडणाऱ्या वस्तूची आहे, तिच्या रेडिओची नाही. उडवण्याची जागा ड्रोनसाठीच्या सरकारी नकाशावर हिरव्या पट्ट्यात आहे का हे पाहणे आणि रेडिओ सवलतीच्या पट्ट्यात आहे का हे पाहणे ही दोन वेगळी कामे आहेत. पहिले आता बहुतेक जण करतात, दुसरे फार थोडे. २०२७च्या सिंहस्थात पोलीस, आरोग्य आणि आपत्ती यंत्रणांच्या बिनतारी संचांची शहरात गर्दी असेल. त्या काळात भलत्या फ्रिक्वेन्सीवर बोलणारा एक जुना सेट सगळ्या हौशी लोकांवर बंदी ओढवून घ्यायला पुरेल.

राहता राहिला शेवटचा आक्षेप: क्रिस्टलचा जमाना संपला, आता सगळे २.४ गिगाहर्ट्झवर आहे, हा वाद कशासाठी? २००५ मध्ये भारताने २.४ ते २.४८३५ गिगाहर्ट्झ परवानामुक्त केले, त्यानंतर काही वर्षांत चॅनल आपोआप बदलत राहणारे सेट जगभर आले आणि फळीवरचे चिमटे गेले, हे खरे. या सेटांतही क्रिस्टल असतो, पण तो एकच आणि आत कायमचा. फ्रिक्वेन्सी सॉफ्टवेअर ठरवते. म्हणूनच जुना प्रश्न सॉफ्टवेअरमध्ये जसाच्या तसा उतरला आहे. लांब पल्ल्यासाठी लोकप्रिय झालेल्या एक्स्प्रेसएलआरएससारख्या खुल्या प्रणालीत मॉड्यूलमध्ये फर्मवेअर भरताना प्रदेश निवडावा लागतो. यादीत भारतासाठी ८६६चा पर्याय आहे, अमेरिकेसाठी ९१५चा. भारतात ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झ २००५पासून खुले आहे, २०२१ मध्ये ते ८६८पर्यंत वाढले. ९१५चा अमेरिकी पर्याय मात्र ९०३च्या पुढून ९२७च्या जवळपर्यंत उड्या मारतो, आणि आपल्याकडे ८९० ते ९१५ या भागात मोबाइल फोन टॉवरशी बोलतात. टॉवरचा रिसीव्हर तिथे अत्यंत क्षीण संकेत ऐकायला बसलेला असतो. परदेशी व्हिडिओ पाहून ९१५ निवडणारा मुलगा पेटीला हातसुद्धा लावत नाही, कोणते सील तोडत नाही. तरी आरएक्सची डबी टीएक्समध्ये बसवणाऱ्यापेक्षा त्याचा अडथळा मोठा असतो. पेटी उघडण्यावर बंदी घालणारा नियम त्याला अडवू शकत नाही. बाहेर काय पडते ते विचारणारा नियमच अडवू शकतो.

जुन्या सेटच्या खरेदीतही हेच विचारावे. २७ मेगाहर्ट्झचा सेट असेल तर टीएक्स आणि आरएक्स दोन्ही डब्या एकाच कंपनीच्या, एकाच चॅनलच्या आणि सेटच्याच कंपनीच्या आहेत का ते पाहावे. खाचेऐवजी सोल्डरचे ताजे डाग दिसले तर मोजून घेतल्याशिवाय चालू करू नये. ७२चा सेट कोणी 'कुठलाही क्रिस्टल चालतो' असे सांगून विकत असला तरी तो उडवण्यासाठी घेऊच नये. त्याचे सर्व्हो कामाचे असतात, आणि मागचा फ्रिक्वेन्सी मॉड्यूल निघणारा असेल तर त्या जागी भारतातली मान्यता असलेला २.४ गिगाहर्ट्झचा मॉड्यूल बसवून तीच पेटी, त्याच काड्या, पुढची कित्येक वर्षे वापरता येतात.